ॲनिमेशनच्या निरनिराळ्या शैलींचा अभ्यास नेमका कसा करावा?

वारणाकाठ (सांगली)

मी सांगलीत राहते आणि ॲनिमेशनच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. पुढील सत्रात आम्हां प्रत्येकाला साधारण एक मिनिटाची स्वतंत्र फिल्म करायची आहे आणि तिच्या आधी शैलीशोधाची एक वही सादर करायची आहे. वहीत किमान चार वेगवेगळ्या शैलींचा अभ्यास, त्यांवरून केलेली चाचणीचित्रे, आणि अखेरीस फिल्मसाठी निवडलेली शैली व त्या निवडीचे कारण, एवढे अपेक्षित आहे.

आमच्या वर्गातील बहुतेकांच्या वह्यांत मोठ्या डोळ्यांची, जपानी धाटणीची पात्रे असतात आणि माझी वहीही त्याला अपवाद नाही. ती शैली मला मनापासून आवडते, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे मी मानत नाही. पण दुसऱ्या एखाद्या शैलीत चित्र काढायला बसले की माझ्याकडून फक्त डोळ्यांचा आकार आणि रंगसंगती बदलते. पात्राचे चालणे, वळणे, चौकटीतील मांडणी हे सगळे पूर्वीसारखेच राहते. पाहायला आज उदंड उपलब्ध आहे. मोबाइलमध्ये साठवलेल्या चित्रांचा ढीग रोज वाढतो, मात्र त्यातले कागदावर काहीच उतरत नाही.

फिल्मची कल्पना ठरलेली आहे. कृष्णेला पूर आलेला असताना घरातील आजी दर थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारते, की आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आले. चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, हे सांगलीतल्या लहान मुलालाही पाठ असते. आकडा वाढत जातो, घरातले सामान वरच्या मजल्यावर हलत जाते, आणि आजी मात्र जागची हलत नाही. संवाद जवळजवळ नाहीत.

अशा विषयासाठी शैली कशी शोधावी, अभ्यास कोठून सुरू करावा, आणि दुसऱ्याची शैली अभ्यासणे व तिची नक्कल करणे यांतील सीमारेषा कोठे मानावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लाइनटेस्ट (पुणे)

मी मूळचा मिरजेचा असून पुण्यातील एका स्टुडिओत टूडी ॲनिमेटर म्हणून काम करतो. आपण अडचण इतकी नेमकी मांडली आहे की तिचे कारण तिच्यातच सापडते. आपण साठवलेली चित्रे ही थांबलेली चित्रे आहेत, आणि थांबलेल्या चित्रातून डोळ्यांचा आकार व रंग एवढेच हाती लागते. ॲनिमेशनमध्ये कोणते चित्र किती वेळ धरून ठेवले, चौकटीतला कोणता भाग हलवलाच नाही, आणि एका पोझमधून दुसऱ्या पोझमध्ये पात्र सावकाश गेले की झटक्यात, हे निर्णयही शैलीचाच भाग असतात, किंबहुना मोठा भाग असतात.

आपल्या आवडत्या जपानी शैलीचेच पाहा. चित्रपटात सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवली जाणारी स्थिर चित्रे, असतात. प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र काढले तर 24 चित्रे लागतात आणि एक चित्र दोन फ्रेम धरले, म्हणजे आपण ज्याला 'टूजवर' काम करणे म्हणतो, तर बारा लागतात. ओसामु तेझुका यांनी 1963 मध्ये 'ॲस्ट्रो बॉय' ही साप्ताहिक दूरचित्रवाणी मालिका सुरू केली, तेव्हा दर आठवड्याला एक भाग पूर्ण करण्याएवढा पैसा आणि मनुष्यबळ हाताशी नव्हते. म्हणून एक चित्र तीन फ्रेम धरणे, शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ हलवणे, आधी काढलेली चित्रे पुन्हा वापरणे अशा युक्त्या सर्रास वापरल्या गेल्या, आणि पुढे त्या काटकसरीतूनच स्थिर चौकटीचे, अचानक झेपावणाऱ्या हालचालीचे एक वेगळे सौंदर्य तयार झाले. मोठे डोळे वहीत आले, पण ही धरून ठेवलेली चित्रे आली नाहीत, म्हणून ती शैलीसुद्धा आपल्याकडे अर्धीच आलेली आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

माझी सूचना अशी की आधी चार शैली निवडून मग त्यांत काय काढावे याचा विचार करू नये. आपल्या फिल्मला जे सर्वांत जास्त लागणार आहे ते, म्हणजे पाणी, निवडावे आणि वेगवेगळ्या लोकांनी पाण्याचे काय केले ते पाहावे. पाणी ही ॲनिमेटरला घाम फोडणारी गोष्ट आहे, कारण त्याला स्वतःची बाह्यरेषा नसते आणि त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी संकेत ठरवावाच लागतो. हायाओ मियाझाकी यांच्या 2008 च्या 'पोन्यो'मध्ये समुद्र हाताने काढलेला आहे. लाटांना जाड बाह्यरेषा आहे, त्या फुगलेल्या प्राण्यांसारख्या धावतात आणि काही लाटांना चक्क डोळे आहेत. 2016 च्या 'मोआना'मध्ये पाणी संगणकीय सिम्युलेशनने, म्हणजे पाण्याच्या वागण्याची संगणकावर गणिताने नक्कल करून, घडवले आहे, त्यात प्रकाश आरपार जातो, थेंब सुटे होतात. अलेक्झांडर पेट्रोव्ह यांनी 1999 मध्ये हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या कथेवर केलेली फिल्म काचेवर तैलरंगांनी, बहुतांशी बोटांच्या टोकांनी रंगवलेली आहे. या तंत्रात ओल्या रंगाचे चित्र टिपून झाले की त्याच काचेवर ते पुसून, सरकवून पुढचे करतात, म्हणजे मूळ चित्र उरतच नाही. अशी सुमारे 29,000 चित्रे त्या फिल्ममध्ये आहेत. आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे लॅटव्हियाचे गिंट्स झिल्बालोडिस यांचा 2024 चा 'फ्लो'. त्यात जग पुरात बुडते, संवाद एकही नाही, आणि संपूर्ण चित्रपट ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे. प्राण्यांच्या अंगावरचा प्रत्येक केस मोजून दाखवण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. जवळून पाहिले तर प्राण्यांची अंगे कुंचल्याने फटकारल्यासारखी दिसतात. त्याला 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

यांपैकी प्रत्येकातील फक्त दहा सेकंद घ्यावेत आणि ते फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत पाहावेत. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते, आणि यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम व पूर्णविरामाच्या कळांनी मागे-पुढे जाता येते. वहीत डाव्या पानावर मूळ दृश्यातील मुख्य पोझेसचे ठिपक्याएवढे आराखडे आणि प्रत्येकाखाली ती किती फ्रेम टिकली तो आकडा लिहावा. उजव्या पानावर त्याच तत्त्वाने, पण स्वतःच्या घाटाच्या पायऱ्यांवर चढणारे पाणी काढावे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. इंटरनेटवरील अनेक व्हिडिओंचा फ्रेमरेट बदललेला असतो, त्यामुळे मधूनच एखादी फ्रेम दुप्पट झालेली दिसते आणि मोजणी चुकते. आधी व्हिडिओची माहिती पाहून फ्रेमरेट 24 आहे का, याची खात्री करावी.

नक्कलेबाबत विचारलेत. डाव्या पानावरची नक्कल हा अभ्यास आहे आणि तिच्याखाली मूळ कृतीचे व दिग्दर्शकाचे नाव लिहिले की कोणाचा आक्षेप राहत नाही. तंत्र कोणाच्या मालकीचे नसते. पात्र, मांडणी आणि विशिष्ट दृश्य मात्र असते.

खडूफळा (सातारा)

मी साताऱ्यातील एका शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक आहे. संगणकावरच्या ॲनिमेशनचे मला फारसे ज्ञान नाही, त्यामुळे लाइनटेस्ट यांच्या तांत्रिक भागात मी पडत नाही. त्यांची सूचना योग्यच आहे, परंतु सगळी उदाहरणे समुद्रापारची आहेत आणि विषय कृष्णेचा आहे. कृष्णा सांगलीला पोहोचण्यापूर्वी आमच्या जिल्ह्यातून येते, तेव्हा थोडे प्रवाहाच्या उलट दिशेने यावे, अशी माझी विनंती आहे.

पहिले ठिकाण औंध. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेले श्री भवानी संग्रहालय आजही पाहण्याजोगे आहे. बहुतेक प्रेक्षक राजा रविवर्मा यांच्या चित्रांसमोर थांबतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र लघुचित्रांसमोर वेळ काढावा, विशेषतः किरातार्जुनीयाच्या, म्हणजे किरातरूपी शिव आणि अर्जुन यांच्या कथेच्या, चित्रमालिकेसमोर. एकच कथा एकामागून एक चित्रांत कशी विभागली आहे, पात्र ओळखू यावे म्हणून काय कायम ठेवले आहे आणि प्रसंग पुढे सरकावा म्हणून काय बदलले आहे, हे पाहिले की तुमच्या भाषेतील स्टोरीबोर्डच समोर आहे हे लक्षात येईल. आपल्याकडच्या लघुचित्रांत पाणी कसे येते, हेही कोठे लघुचित्रे पाहाल तेथे मुद्दाम पाहावे. तेथे प्रकाश, पारदर्शकता यांचा प्रश्नच नसतो; चटईच्या विणीसारख्या किंवा भोवऱ्यासारख्या रेषांची नक्षी काढली की ते पाणी, आणि त्यात मासे व कमळे स्पष्ट दिसतात. ही नक्षी किंचित सरकवली तर काय होईल, हा विचार तुम्ही करायचा आहे. संग्रहालयात छायाचित्रे घेण्याचे नियम आधी विचारून घ्यावेत. पेन्सिल आणि लहान वही असली तर त्याची अडचणही येऊ नये.

दुसरे ठिकाण वाईजवळचे मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यातील भिंतीचित्रे पाहावीत आणि मग मागच्या घाटावर पायऱ्यांवर बसून पाण्याचे रेखाटन करावे. पायरी ही पाण्याची पातळी दाखवणारी उत्तम पट्टी आहे, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. एवढे दूर जमत नसेल, तर कृष्णा-वारणेचा हरिपूरचा संगम तुमच्या घराजवळच आहे.

आणि सांगलीचेच म्हणाल तर विष्णुदास भावे यांचे नाव नाट्यमंदिराच्या पाटीवर वाचून आपण मोकळे होतो. 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणणाऱ्या या गृहस्थांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा प्रेक्षकांसमोर आणल्या. दोरीवरच्या बाहुलीला चेहऱ्याचे हावभाव बदलता येत नाहीत, तरी मानेच्या एका झुकण्यातून ती रुसली की आनंदली हे कळते. तुमची आजी जागची हलत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तिच्यासाठी याहून चांगला गुरू मला तरी सुचत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची परंपराही याच रांगेत बसते. चित्रकथीत एकेक चित्र दाखवत कथा गायिली जाते, आणि त्यांतले चेहरे पुष्कळदा एकाच बाजूने काढलेले असल्याने कागद कापून केलेल्या कटआउट ॲनिमेशनला ते फार सोयीचे पडतील, असे मला वाटते. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

माणदेशी (दहिवडी)

डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी ॲनिमेशन शिकले आणि आता विद्यार्थ्यांना शिकवते. वरील दोन्ही प्रतिसाद वाचले. सरांनी औंधचा मुद्दा काढला याचा विशेष आनंद झाला. तरीही एका बाबतीत माझे मत निराळे आहे. लोककलेची धाटणी घेतली की फिल्म आपोआप आपल्या मातीतली होते, असा समज विद्यार्थ्यांमध्ये फार आढळतो, आणि मग कशाचीही गोष्ट वारलीत सांगितली जाते. गीतांजली राव यांची 2006 ची 'प्रिंटेड रेनबो' ही लघुफिल्म या दृष्टीने अवश्य पाहावी. तिच्यात एकटी राहणारी म्हातारी बाई काडीपेट्यांवरच्या चित्रांत शिरते, म्हणून चित्रशैली बदलते; बाईच्या घरातले जग आणि काडीपेटीतले जग यांतला फरक दाखवण्यासाठी शैली राबते, ती वरून लावलेली नाही. (काडीपेटीवरून आठवले: दादासाहेब फाळके यांनी 1915 मध्ये आगकाड्या थोड्या-थोड्या हलवून, दर वेळी एक चित्र टिपत, म्हणजे स्टॉप मोशन पद्धतीने, फिल्म केली होती. ती आज उपलब्ध नाही, हे आपले दुर्दैव.)

तेव्हा वारणाकाठ, तुझ्या विषयाचे मूळ कशात आहे ते पाहू. पूर ओसरल्यानंतर सांगलीतल्या घरांच्या भिंतींवर काय उरते? पाण्याची रेघ. एकावर एक, पाणी जेथे जेथे थांबले तेथल्या फिकट, मातकट रेघा. रंग दिला तरी ओल आली की त्या पुन्हा वर येतात. आता दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज यांचे काम पाहा. 1989 पासून त्यांनी केलेल्या कोळशाच्या फिल्म्समध्ये प्रत्येक फ्रेमसाठी नवा कागद नसतो. एकाच मोठ्या कागदावर कोळशाने चित्र काढायचे, टिपायचे, हवा तो भाग खोडायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा टिपायचे. कोळसा पूर्णपणे कधीच पुसला जात नाही, त्यामुळे आधीच्या प्रत्येक स्थितीचा करडा माग कागदावर शिल्लक राहतो आणि तोच माग फिल्मचा आशय होतो. तुझे पाणी या पद्धतीने पायरी-पायरीने चढले तर प्रत्येक थांब्याची रेघ कागदावर आपोआप उरेल. आजी स्थिर असल्यामुळे तिला पुन्हा काढावे लागणार नाही, ती कागदावर आहे तशीच राहील. हललेले सामान मात्र आपल्या जुन्या जागेवर सावली ठेवून जाईल.

हिशोबही तुझ्या बाजूने आहे. एक मिनिट म्हणजे 1440 फ्रेम. टूजवर केले तर 720 चित्रे होतात, आणि सुटे कागद वापरून, प्रत्येकावर आजी, भिंत, खिडकी पुन्हा काढत ती एका सत्रात एकटीने पूर्ण करणे हा वेडेपणा ठरेल. कोळशाच्या पद्धतीत पाणी चढण्याच्या प्रसंगांत प्रत्येक वेळी चार बोटे रुंदीचा पट्टा तेवढा बदलायचा असतो. शिवाय मधले कित्येक क्षण, आजी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहते ते, सरळ धरून ठेवता येतील. लाइनटेस्ट यांनी तेझुकांविषयी लिहिलेली काटकसर तुला इथे कामी येईल.

याचा अर्थ हीच शैली निवड असा नाही. वहीसाठी चार चाचण्या कर: नक्षीचे पाणी कटआउटने, कोळशाचे पाणी खोडून, काचेवरच्या रंगाचे पाणी, आणि ब्लेंडरमधले. प्रत्येकी तीन-चार सेकंद पुरेत. दृश्य चारही वेळा तेच ठेव, म्हणजे फरक कशामुळे पडला ते दिसेल. काचेच्या चाचणीसाठी खिडकीची जुनी काच आणि ग्लिसरीन मिसळलेला पोस्टर रंग चालतो. ग्लिसरीनमुळे तो लवकर वाळत नाही. तैलरंगाच्या खर्चात पडू नकोस.

वारणाकाठ (सांगली)

सर, दादा आणि ताई, आपण तिघांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरातही जिन्याजवळ 2019 च्या पुराची रेघ आहे. ती मी रोज पाहते, पण ती चित्राची पद्धत होऊ शकते हे ध्यानात आले नव्हते. औंधला येत्या सुट्टीत जाण्याचे ठरवले आहे.

दोन शंका आहेत. कोळशाची चाचणी मी मोबाइलच्या कॅमेऱ्यानेच टिपणार आहे. वर्गातील एका मुलाच्या अशाच चाचणीत चित्र सारखे लुकलुकत होते. ते कशाने होते? दुसरे म्हणजे, केंट्रिज यांची पद्धत वापरली तर परीक्षक ती उसनी शैली मानणार नाहीत ना?

माणदेशी (दहिवडी)

दुसऱ्या शंकेचे आधी सांगते. खोडून काढण्याची पद्धत वापर आणि वहीत त्यांचे नाव स्पष्ट लिही. त्यांची रेषा, त्यांची सूट घातलेली माणसे, त्यांच्या चौकटी घेऊ नकोस. तुझ्या आजीची बसण्याची ढब, घरातील फडताळ, उंबरा हे समोर बसून काढलेले असेल, तर परीक्षक कारण विचारतील, आणि कारण तुझ्याकडे जिन्याजवळच आहे.

लाइनटेस्ट (पुणे)

लुकलुकण्याचे कारण बहुधा मोबाइलचा स्वयंचलित एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते आपोआप ठरणे, हे असते. कागदावर काळा भाग वाढला की कॅमेरा स्वतःहून चित्र उजळ करतो आणि खोडले की पुन्हा गडद करतो. स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेचे संतुलन) हे तिन्ही लॉक करण्याची सोय असते. काम सुरू करण्यापूर्वी ते लॉक करावेत. खिडकीच्या उजेडात काम करू नये, कारण ढग आला की फ्रेम बदलते. पडदे ओढून दोन्ही बाजूंनी एकसारखे दोन दिवे तिरपे लावावेत आणि ते शेवटपर्यंत हलवू नयेत. काही एलईडी दिवे कॅमेऱ्यात पट्टे उमटवतात, म्हणून आधी दहा-बारा फ्रेम कोऱ्या कागदाच्या टिपून पडद्यावर तपासाव्यात. कपडेही गडद रंगाचे घालावेत, पांढऱ्या शर्टाचा उजेड कागदावर पडतो. कागद जाड, किंचित खरखरीत असावा आणि चारही कडांनी फळीला चिकटवलेला असावा. खोडण्यासाठी मळून मऊ होणारे रबर घ्यावे. साध्या खोडरबराने कागदाचे तंतू उठतात आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात ते डागांसारखे दिसतात. मोबाइलला हात न लावता फोटो घेता यावा म्हणून ब्लूटूथचे बटण किंवा इअरफोनवरील आवाजाची कळ वापरावी.